छप्पन्न अक्षांशावरची मिरची

पहाटे ५

मेच्या मध्यावर एडिनबरात पाचच्या सुमारास सूर्य उगवतो. शहर जवळजवळ ५६ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे मॉस्कोच्याही किंचित वर. त्यामुळे या दिवसांत उजेडाला तोटा नाही. रात्री सव्वानऊच्या आसपास सूर्य मावळतो आणि जूनच्या उत्तरार्धात दिवस साडेसतरा तासांचा होतो. ऊब मात्र बेताचीच मिळते. दुपारी १४-१५ अंश आणि पहाटे पाच-सहा, हा इथला नेहमीचा मे महिना. एखाद्या निरभ्र रात्री दहिवर गोठतं तेही याच महिन्यात.

मिरचीचं रोप १२ अंशांच्या खाली वाढायचं जवळपास थांबतं. पाच-सहा अंशांत लागोपाठ रात्री काढाव्या लागल्या तर पानं पिवळी पडून गळू लागतात, आणि हिम पडलं की रोप गेलंच. म्हणून इथल्या मिरचीचा सगळा हिशेब रात्रीच्या आकड्यावर चालतो. दुपारी काचेआड २८ अंश मिळाले म्हणून मी खूश होत नाही. आदल्या रात्री किती उतरलं होतं ते आधी बघते. गारठलेल्या रोपाची मुळं पाणी ओढत नाहीत आणि मग सकाळचं लख्ख ऊन त्याच्या उपयोगी पडत नाही.

मागच्या अंगणात आठ फूट लांब, सहा फूट रुंद काचघर आहे. आत-बाहेर एकेक तापमापक टांगलाय, रात्रीतला नीचांक धरून ठेवणारा. आज बाहेरचा आकडा ३, आतला ६. नुसत्या काचेनं रात्री एवढाच फरक पडतो. काचघर आहे म्हणजे मिरची सुरक्षित, अशी समजूत करून घेऊन एप्रिलमध्येच रोपं त्यात ठेवणारे दरवर्षी भेटतात. मेमध्ये तीच माणसं नव्या रोपांच्या शोधात असतात.

सहा अंशांत रात्रभर राहूनही आत ताठ उभ्या आहेत त्या रोकोटोच्या दोन कुंड्या. माणसानं लागवडीला आणलेल्या मिरचीच्या पाच जाती. आपल्या ज्वाला, लवंगी, ब्याडगी या एका जातीतल्या. रोकोटो अगदी वेगळ्या जातीची. तिचं घर अँडीज पर्वत, पेरू आणि बोलिव्हियातली थंड उंच शेतं. पानांवर आणि खोडावर बारीक लव, फुलं जांभळी, बिया काळ्या कुळकुळीत. फळ छोट्या सफरचंदाएवढं, जाड गराचं, त्यामुळे उन्हात वाळवायला निरुपयोगी. पेरूतल्या अरेकिपा शहरात ते पोखरून, सारण भरून भाजतात. हिमापुढे तीही टिकत नाही, पण गार रात्र सोसते आणि कडक उन्हाळ्याला उलट कंटाळते. मिरची म्हणजे उष्ण मुलखाचंच झाड, असं आपण सरसकट म्हणून जातो तेव्हा या जातीवर अन्याय होतो. थंड गावात एकच मिरची लावायची असेल आणि तिला चार-पाच वर्षं सांभाळायची तयारी असेल, तर मी आधी रोकोटोचं नाव घेईन.

जमिनीवर चकचकीत माग दिसला. शेंबडी गोगलगाय रात्री येऊन गेली आहे. कोवळं रोप ती बुडापासून कुरतडते, म्हणून कुंड्यांच्या बुडाशी हात घालून बघितलं. एक सापडली.

सकाळी ६

बाकीची मिरची घरात आहे. स्वयंपाकघराच्या आणि बैठकीच्या दक्षिणेकडच्या खिडक्यांत ज्वाला, अपाची आणि हंगेरियन हॉट वॅक्स.

ज्वाला ही मूळ दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं दिलेली. तिचं बी इथल्या ब्रिटिश बियाणे कंपन्यांकडे सहज मिळतं. लांब, बारीक, सालीला सुरकुत्या, पोपटी हिरवी. मी ती लावते त्यामागे एक विचार आहे. वाळलेली लाल मिरची इथल्या भारतीय दुकानात पोत्यानं मिळते. ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी, हवी ती. ती कुंडीत पिकवण्यात मला अर्थ वाटत नाही. जे विकत मिळत नाही ते म्हणजे झाडावरून तोडून पाच मिनिटांत तव्यावर पडलेली पातळ सालीची हिरवी मिरची. दुकानातली आठवडाभर प्रवास करून आलेली असते, देठ काळा पडलेला आणि वास गेलेला. खिडकीतली जागा वीतभर, ती या हिरव्या मिरचीसाठीच राखावी.

ज्वालाची दोन झाडं गेल्या वर्षीची आहेत. मिरचीचं झाड खरं तर बरीच वर्षं जगणारं. हंगाम संपला की उपटायची रीत आपली. ऑक्टोबरअखेर फांद्या वीतभर ठेवून छाटल्या, मुळांचा गोळा थोडा कमी करून लहान कुंडीत बसवला आणि १०-१२ अंशांच्या खोलीत, माती जेमतेम ओली राहील एवढंच पाणी देऊन हिवाळा काढला. मार्चमध्ये खोडाच्या डोळ्यांतून हिरवे कोंब आले. या दोघींना आता फुलं आणि मिरच्याही आहेत. फेब्रुवारीत पेरलेल्या बियांची रोपं त्यांच्या शेजारी अजून वीत-दीड वीतच आहेत. उन्हाळा लहान असलेल्या देशात या खोडव्याची किंमत फार मोठी.

पाणी सकाळीच देते. रात्री घातलेलं पाणी मातीत राहून मुळांना आणखी गारठवतं. झारी आदल्या रात्रीच भरून घरात ठेवते, कारण इथल्या नळाचं पाणी अजून हाताला झोंबतं. कुंडीला पाणी हवं की नको ते वरची माती बघून कळत नाही. इथे मिळणाऱ्या पीटविरहित मिश्रणात काथ्याचा भुसा बराच असतो. हा काथ्या आपल्याच केरळ-तमिळनाडूतून आणि श्रीलंकेतून येतो. तो वरून कोरडा दिसतो आणि तळाशी ओलाच असतो. म्हणून प्रत्येक कुंडी उचलून वजन बघायचं. वाफसा हाताला कळतो. आज बारकी रोपं तेवढी हलकी लागली, त्यांनाच पाणी दिलं.

मग पानांच्या पाठी. अपाचीच्या शेंड्यावर हिरवा मावा होता. खिडकीतल्या मिरचीवर मावा फार पटकन वाढतो, कारण घरात त्याला खाणारं कुणी नसतं. शेंडा बोटांत धरून पुसला, मग मऊ साबणाच्या पाण्याचा हलका फवारा पानांच्या खालून मारला. तीन-चार दिवसांनी पुन्हा मारावा लागेल. एका फवाऱ्यात मावा संपत नाही.

सकाळी ८

अंदाज बघण्याची वेळ. मी तापमानाचा आकडा शेवटी बघते. आधी वारा कुठून आहे, मग रात्री ढग आहेत की आभाळ मोकळं. ढगाळ रात्र जमिनीची ऊब धरून ठेवते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री ती ऊब थेट आभाळात निघून जाते आणि गवताशी तापमान अंदाजापेक्षा दोन-तीन अंश खाली उतरतं. आज दिवसा ऊन, दुपारी १५ अंश, वारा पूर्वेचा. ते ‘पूर्वेचा’ वाचून जरा थांबले. एडिनबराच्या पूर्वेला उत्तर समुद्र आहे.

तरी रोपं बाहेर काढायची ठरवली. त्यांना बाहेरची सवय लावण्याचे हेच दिवस आहेत.

सकाळी ९

खिडकीत वाढलेलं रोप दिसायला हिरवंगार असतं, पण त्यानं वारा पाहिलेला नसतो आणि खरं ऊनही नाही. काचेतून उजेड येतो, त्यातला अतिनील भाग बराचसा अडतो. असं रोप एकदम उघड्यावर ठेवलं तर दोन तासांत पानांवर पांढुरके कोरडे चट्टे उठतात. म्हणून पहिल्या दिवशी भिंतीच्या आडोशाला, सावलीत, तासभर. मग रोज थोडं जास्त, थोडं उन्हाकडे. आठवडा-दहा दिवसांत पान जाड होतं, खोड टणक होतं. वाऱ्यानं हललेलं खोड जाड होतं, हे तर डोळ्यांना दिसतं.

ट्रेमध्ये सहा-सहा कुंड्या घालून पंचवीस-तीस रोपं मागच्या भिंतीशी मांडली. दगडी भिंत दक्षिणेकडे तोंड करून आहे. सकाळी तापते आणि दुपारनंतरही ऊब देत राहते. बाहेर ठेवण्याचा आणखी एक फायदा: लेडीबर्डचे किडे आणि छोटे पक्षी माव्यावर तुटून पडतात.

शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. त्यांच्या वाफ्यात दरवर्षी कांद्याच्या पातीच्या कुळातले जाडजूड लीक असतात आणि काचघरात टोमॅटो. गेल्या वर्षी मी दिलेल्या अपाचीनं त्यांना मिरचीची गोडी लागली. आता त्यांना सगळ्यात तिखट मिरची लावायची आहे. इथे हे वेड बऱ्याच जणांना आहे. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटमध्ये जॉय आणि मायकल मिशॉ या दांपत्यानं बोर्नमथच्या एका दुकानातून घेतलेल्या बांगलादेशी नागा मोरिचपासून निवड करत ‘डॉर्सेट नागा’ तयार केली, आणि तिच्या तिखटपणाची चर्चा देशभर झाली. काम खरंच थोर आहे. पण त्या कुळातल्या मिरचीचं बी रुजायलाच तीन-चार आठवडे घेतं, त्यालाही सतत २५-३० अंश लागतात, आणि फळ पिकायला लांब, उबदार हंगाम हवा. डॉर्सेट इथून पाच अंश दक्षिणेला आहे. मी आजोबांना म्हटलं, जिभेकडे बघून वाण निवडू नका, काचघराच्या रात्रीकडे बघून निवडा. त्यांना हंगेरियन हॉट वॅक्सची दोन रोपं देऊ केली. ती गार हवेतही भरपूर धरते, पिवळी असतानाच खाता येते, लाल होण्याची वाट बघावी लागत नाही.

सकाळी ११

हार आला. उत्तर समुद्रावरून येणाऱ्या दाट धुक्याला स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर हार म्हणतात. समुद्राचं पाणी मेमध्ये जेमतेम आठ-नऊ अंशांचं असतं. त्याच्यावरून उबदार दमट हवा वाहिली की ती खालून गार होते, तिच्यात धुकं धरतं, आणि पूर्वेचा वारा ते शहरात ढकलतो. लीथच्या बंदराकडून पांढरी भिंत चढत येताना दिसते. तेव्हाच पंधरा-वीस मैल आत, पश्चिमेला, लोक उन्हात बसलेले असतात.

अर्ध्या तासात १४ अंशांवरून ९ वर. ऊन गेलं, पानांवर ओल जमली. ट्रे उचलून सगळे काचघरात नेले. मुलगी मदतीला आली म्हणून लवकर झालं. पानांवर पाणी आणि गार हवा एकत्र आली की करडी बुरशी धरते, म्हणून आत नेल्यावर कुंड्या दाटीवाटीनं ठेवल्या नाहीत. दोन कुंड्यांमध्ये हात जाईल एवढी जागा सोडली. काचघराच्या छताची झडप आपोआप मिटली होती. तिला वीज लागत नाही. एका नळकांड्यात मेण असतं, ते तापून फुगलं की दांडा ढकलून झडप उघडतं आणि गार होऊन आकसलं की मिटतं. मी घरी नसताना रोपं उकडून मरत नाहीत ती या मेणामुळे.

दुपारी साडेबारा

हार विरला आणि पुन्हा लख्ख पडलं. परागीकरणाची वेळ. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, पण घरात वारा नाही, मधमाशी नाही, त्यामुळे पराग आपण हलवावा लागतो. फूल सकाळी उमलतं, परागकोश नंतर फुटतात. म्हणून उशिराची सकाळ ते दुपार बरी. मुलगी रंगाचा मऊ ब्रश घेऊन ज्वालाच्या फुलांवरून फिरवत होती. रोकोटोसाठी मात्र एका झाडावरचा पराग दुसऱ्यावर न्यायचा. एकटं झाड बरेचदा फळ धरायला कुरकुरतं, म्हणून तर दोन कुंड्या.

एकीकडे फोन कानाला. आत्या कोल्हापूरकडे, तिथे संध्याकाळचे पाच वाजले होते.

“ऊन लई हाय औंदा,” ती म्हणाली. “परसातल्या मिरचीची फुलं धरंनात. नुसती गळत्यात.”

“इथंही गळतायत आत्या, खिडकीतल्या रोपांची.”

“तुझ्याकडं कुठलं आलंय ऊन?”

मग तिला सांगितलं. तिच्याकडे दिवसा ३७-३८ अंश आणि रात्रीही २५ च्या वर. त्या उष्णतेत पराग वांझ होतो. माझ्याकडे रात्री १३-१४ च्या खाली उतरलं तरी पराग नीट तयार होत नाही. फूल गळतं, किंवा फळ धरलंच तर आखूड, वाकडं आणि बिनबियांचं होतं. फुलाला दोन्हीकडची टोकं नकोत. आत्यानं दुपारची सावली करायची, मी रात्री आत घ्यायचं. तिच्याकडे पानांचा चुरडा-मुरडाही सुरू झालाय, फुलकिड्यांमुळे. बोकड्या रोगाचा हा उपद्रव माझ्याकडे नाही, थंडीनं तेवढी तरी मेहेरबानी केली आहे.

“माझ्या लवंगीचं बी देऊ का पाठवून? कोण येणारं असलं तर त्याच्या पिशवीत घालते.”

“नको गं आत्या. चालत नाही.”

“चार बियांना कोण बघतंय!”

इथे मी ठाम असते. परदेशातून मिरचीचं बी ब्रिटनमध्ये आणायला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, चार बिया असल्या तरी. त्यामागे सबळ कारण आहे. टोमॅटो आणि मिरचीवरचा एक विषाणू बियांतून पसरतो; टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस असं त्याचं नाव, ब्रिटनमध्ये तो २०१९ मध्ये पहिल्यांदा सापडला. हात, कात्री, कपडे, कशानंही तो पुढच्या झाडावर जातो आणि त्यावर औषध नाही. माझ्या खिडकीतून तो आजोबांच्या टोमॅटोवर जायला एक कात्री पुरे. आत्याच्या लवंगीची मला आठवण येते, पण तिचं बी मी सामानातून आणणार नाही आणि दुसऱ्या कुणी आणलेलं घेणारही नाही.

“बरं,” आत्या म्हणाली, “मग इकडं आलीस की पोटभर खा.”

दुपारी २

आजचं मोठं काम कुंड्या बदलण्याचं.

मिरचीला एकदम मोठ्या कुंडीत टाकण्याचा मोह होतो. उबदार देशात ते खपून जातं, इथे नाही. लहान मुळांभोवती खूप माती असली की ती माती ओली राहते, ओली म्हणून गार राहते, आणि गार ओल्या मातीत मुळं कुजतात. म्हणून पायरीपायरीनं. बी रुजलं की नऊ सेंटिमीटरची कुंडी. तळाच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली की दीड लिटरची. पहिल्या कळ्या दिसल्या की शेवटची: अपाचीला तीन लिटर पुरतात, ज्वालाला पाच, रोकोटोला दहापेक्षा जास्त. कुंडी जेवढी, झाड तेवढं. खिडकी लहान असेल तर कुंडीच लहान ठेवून झाड आटोक्यात राखता येतं.

पाट्यावर पीटविरहित माती पसरली, तिच्यात पाचवा हिस्सा पर्लाइट मिसळलं. ढेकळं बोटांनी फोडली. माती कालच घरात आणून ठेवली होती. बाहेरच्या थंड पोत्यातली माती थेट मुळांना लावायची नाही. कुंडी उलटी करून, खोड दोन बोटांत धरून रोप बाहेर काढायचं. मुळं पांढरी, मातीच्या गोळ्याला जाळीसारखी धरून असली तर वेळ बरोबर साधली. तपकिरी, वास मारणारी असली तर पाणी जास्त झालंय. आजची सगळी पांढरी होती. मला या कामातला हा क्षण सगळ्यात आवडतो. पानं काहीही सांगोत, खरी गोष्ट इथे दिसते.

टोमॅटोसारखं मिरचीचं खोड खोल गाडत नाही. आधी होतं तेवढ्याच उंचीवर ठेवते. माती दाबून घट्ट करायची नाही, कुंडी दोनदा पाट्यावर आपटली की आपली आपण बसते. शेजारी बांबूची काडी आताच रोवते, मुळं वाढल्यावर रोवली तर ती तुटतात.

शेंडा खुडायचा का, यावर मिरची लावणाऱ्यांत कायम वाद असतो. खुडला की झाड बाजूनं फुटतं, झुडूप होतं, फळं जास्त धरतात. हे खरं. पण त्यासाठी झाड दोन-तीन आठवडे घेतं. ज्या गावात मिरची बाहेर राहू शकते ते जेमतेम जून ते सप्टेंबर, तिथे तीन आठवडे म्हणजे पहिला तोडाच गेला. मी शेंडा खुडत नाही. अपाची स्वतःच बुटकी आणि भरगच्च वाढते, फूट-दीड फूट. ज्वाला उंच जाऊन मग आपली आपण दुभंगते. त्या पहिल्या दुबेळक्यात येणारं फूल मात्र रोप लहान असेल तर खुडते. तिथे मिरची धरली की झाड सगळा जोर तिच्यावर लावतं आणि वाढ खुंटते.

खताचं सोपं आहे. नव्या मातीत पाच-सहा आठवड्यांचं खत असतंच. फुलं आली की टोमॅटोचं पालाशयुक्त द्रवखत, आठवड्यातून एकदा, बाटलीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्या ताकदीनं. नत्र जास्त झालं तर पानांचं रान माजतं आणि मिरच्या दिसत नाहीत.

सायंकाळी ५

काचघरात ३१ अंश, बाहेर १५. दार आणि झडप आताच बंद केली. ऊन बऱ्यापैकी असतानाच बंद करायचं, म्हणजे शेवटच्या दोन तासांची ऊब आत साठते. सूर्य कलल्यावर बंद केलं तर साठवायला काही उरत नाही.

सायंकाळी ७

रात्रीची तयारी. आज आभाळ मोकळं, अंदाज ४ अंशांचा. खिडकीतली सगळी रोपं पुन्हा घरात. त्यांना पडद्याच्या आतल्या बाजूला, खोलीत घ्यायचं. काच आणि पडदा यांच्यामध्ये राहिली तर ती खोलीच्या उबेपासून तुटतात आणि रात्रभर गार काचेला टेकून बसतात. रोकोटोवर पांढऱ्या फ्लीसचं हलकं कापड टाकलं, त्यानं एक-दोन अंश वाचतात.

काचघरात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, दिवसा तापतील, रात्री ऊब देतील, असा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेब करून बघावा. शंभर लिटर पाणी दहा अंशांनी निवलं तर एक युनिटच्या थोडी वर ऊर्जा सुटते, म्हणजे एक किलोवॉटचा हीटर तासाभराहून थोडा जास्त चालवल्याइतकी. पिंप असेल तर रोकोटोला तेवढा आधार होतो. चार-सहा बाटल्यांनी काहीच होत नाही. आणि ज्वालासाठी रात्रभर हीटर लावायचा तर मिरची सोन्याच्या भावाची होईल. ट्रे उचलून आत आणायला फुकट लागतं, फक्त कंबर मजबूत हवी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर रात्री दहा अंशांच्या वर राहू लागल्या की ज्वाला काचघरात मुक्कामाला जाईल.

रात्री ८

खोडव्याच्या ज्वालावरून मूठभर मिरच्या निघाल्या. ठेचा.

स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले धूर आणि उष्णतेचे अलार्म असणं बंधनकारक आहे. तव्यावर मिरची भाजली की एकाच्या आवाजानं सगळं घर ओरडू लागतं. त्यामुळे आधी बाहेरची खिडकी सताड उघडायची, स्वयंपाकघराचं दार लावायचं, मग लोखंडी तवा. मिरच्या देठासकट, थोड्या तेलावर, काळे डाग पडेपर्यंत. लसूण, भाजलेले शेंगदाणे, जाडं मीठ, आणि खलबत्ता. मिक्सरमध्ये ठेच्याची चटणी होते. खलबत्त्यात पातळ साल लगेच चेचली जाते, बी दाताखाली येतं. गोठवून ठेवलेल्या मिरच्या फोडणीला उत्तम चालतात, गेल्या सप्टेंबरच्या अजून फ्रीजरमध्ये आहेत, पण ठेच्यासाठी त्या मऊ पडतात. भाकरी, ठेचा, दही. आमच्या घरी हाच खरा तोडा.

रात्री ९

बाहेर अजून उजेड. मैत्रीण रोपं न्यायला आली. ती लीथ भागात जुन्या दगडी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते, अंगण नाही, म्हणून बिचकत होती. पण आम्ही आधी तशाच घरात होतो. जाड दगडी भिंतीची, दक्षिणेकडे बाहेर आलेली मोठी खिडकी ही मिरचीला अनेक बागांपेक्षा बरी. हार आला तरी आत गारठा नाही आणि गोगलगाय तीन मजले चढत नाही. तिला अपाचीची दोन आणि ज्वालाचं एक रोप दिलं.

“पुढच्या वर्षी मीच बी पेरेन. आता पेरलं तर?” तिनं विचारलं.

“आता नको. बी रुजल्यापासून मिरची लाल व्हायला पाच-सहा महिने जातात. ज्वाला-अपाची फेब्रुवारीत पेर, फार तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात. रुजेपर्यंत २५ अंश ऊब हवी, उजेड नसला तरी चालतो. कोंब वर आला की उलट: ऊब थोडी कमी चालेल, उजेड मात्र भरपूर लागतो. फेब्रुवारीतला इथला उजेड पुरत नाही, रोप लांबुळकं होतं. दिवा घे, चौदा तास लाव.”

“आणि पाणी?”

“कुंडी उचलून बघ. जड असेल तर घालू नकोस. फूल आलं की दुपारी टिचकी मार. मावा दिसला की लगेच फोन कर.”

“लाल कधी होतील?”

“सप्टेंबरमध्ये. पण वाट बघू नकोस. पहिल्या सहा-सात हिरव्याच तोड, जुलैत. झाडावर ठेवल्यास तर ते त्या पिकवत बसेल आणि नवी फुलं येणार नाहीत. लाल हव्याच असतील तर ऑगस्टच्या शेवटी एका झाडावरच्या राहू दे, बाकीच्या दोन्ही झाडांवरच्या खा.”

तिनं तिन्ही कुंड्या खोक्यात घातल्या, आम्ही वर्तमानपत्राचे बोळे मधे कोंबले, आणि खोक्यावर फ्लीसचा तुकडा टाकला, बसथांब्यावर वारा होता.